भोकं बँकेची की आपली? नोटांची प्रतवारी, घड्या, टाचण्या आणि इतर भानगडी

सावनी (चिपळूण) | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, इकडे पहिल्यांदाच येतेय, सांभाळून घ्या.

सासरे बँकेत होते, कॅशला. दोन वर्षांपूर्वी गेले. परवा माळा आवरताना त्यांच्या डायरीत बटर पेपरमध्ये गुंडाळलेली दहाची नोट मिळाली. बसलेले गांधीजी असलेली, जन्मशताब्दीची, १९६९ची मालिका. सही बी. एन. आडारकरांची. नोट इतकी करकरीत की हातात धरली की अजून वाजते. फक्त डावीकडे दोन बारीक भोकं आहेत.

नवरा कामाने पुण्याला गेला तेव्हा तिथल्या एका प्रदर्शनात दाखवून आला. पहिल्या टेबलावरच्या माणसाने भोकं बघितली, "व्हीएफ" म्हणाला आणि नोट परत सरकवली. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "कोरी आहे हो, यूएनसी." दोघांच्या भावात चौपटीचा फरक! नोट तीच, टेबलं शेजारशेजारची. मग खरं कोणाचं धरायचं? आणि हे व्हीएफ, यूएनसी काय असतं ते अडाण्याला समजेल असं सांगा.

निवृत्त रोखपाल | शनिवार, रात्री ११.०५

सावनीताई, भोकं सासऱ्यांनी पाडलेली नाहीत, आणि पाडली असतील तर नोकरीचा भाग म्हणून.

आमच्या काळी शंभर नोटांचं पाकीट स्टेपल मारूनच यायचं आणि स्टेपल मारूनच जायचं. नवं कोरं पाकीटसुद्धा. तारा अशा जाड की उचकटताना नख तुटायचं. काउंटरवर रांग वाढली की आम्ही सरळ पाकीट ओरबाडायचो, मग भोकाची फट व्हायची. रिझर्व्ह बँकेचं 'क्लीन नोट' धोरण आलं १९९९ साली, बिमल जालन गव्हर्नर असताना. नोव्हेंबर २००१ मध्ये स्टेपल बंद करण्याचा आदेश निघाला आणि कागदी पट्टी आली. वॉटरमार्कच्या पांढऱ्या जागेत बॉलपेनने आकडा टाकायची सवय मात्र पुढे कितीतरी वर्षं गेली नाही. मीही टाकलेत, कबूल.

तेव्हा १९७०ची नोट भोकाशिवाय मिळाली तर नवल करायचं. मिळालेल्या भोकांचं नवल नाही. त्या पहिल्या टेबलवाल्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. या धंद्यात घेतानाचा डोळा वेगळा आणि विकतानाचा वेगळा असतो.

जाता जाता, आडारकर गव्हर्नर होते जेमतेम दीड महिना, ४ मे ते १५ जून १९७०. त्याच मालिकेवर एल. के. झा यांची सही जास्त दिसते. जपून ठेवा.

तिरपा उजेड | रविवार, सकाळी ७.५०

रोखपालकाकांना अनुमोदन. आता थोडं लांबण लावतो, रविवार आहे.

सावनीताई, नोटेची प्रत ठरवायला हल्ली जगभर चालते ती ७० गुणांची पट्टी. २००५ साली सुरू झालेली पीएमजी ही नोटांची प्रत ठरवणारी अमेरिकी कंपनी ती नोटांना लावते. पट्टी मुळात नाण्यांची. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या सेंटसाठी ती काढली, आणि मूळ हिशेब असा की ७० गुणांचं नाणं १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. तो हिशेब कधीच मोडला, आकडे उरले.

६० आणि त्यावर म्हणजे कोरी, यूएनसी (अनसर्क्युलेटेड). छपाईतून जाणारी एक घडी पडली की ५८. एखादी जोरकस घडी किंवा दोनतीन कोपरे छपाईपर्यंत दुमडलेले असतील तर ५५. घड्या तीन झाल्या आणि त्यातली एक आडवी असली की ४०. चार ते सात हलक्या घड्या, पण दिसायला अजून बरी, ही ३५; इथून खाली २० पर्यंत तुमचं ते व्हीएफ (व्हेरी फाइन). म्हणजे खिशातून, गल्ल्यातून, देवळाच्या पेटीतून फिरून आलेली नोट. तुमची नोट वाजते म्हणताय. दोन भोकांसाठी तिला व्हीएफ म्हणायचं तर दुकानातून घडीला टाचण्या लावून आलेला नवा शर्टसुद्धा जुन्या बाजाराचा म्हणावा लागेल.

बँकेतून येतानाच पडलेली स्टेपलची भोकं पीएमजीवाले लेबलवर शेऱ्यात नोंदवतात. दोष लपत नाही, पण त्यासाठी नोटेला वापरलेली ठरवत नाहीत. मात्र भोकं बँकेचीच आहेत ना, ते बघायचं. दोन, एका रेषेत, स्टेपलच्या पायांइतक्या अंतरावर, कडा स्वच्छ. तिसरं एकटं भोक कुठे असलं तर ते घरचं: कुणीतरी बिलाला नोट टाचली असणार. भोकाभोवती तांबूस कडं असेल तर तो गंज. भोक माफ, गंज माफ नाही, कारण तार नंतर वर्षानुवर्षं तशीच राहू दिली तेव्हा तो आला.

आणि मुख्य म्हणजे घडी शोधा. भर उजेडात घडी दिसत नाही. रात्री दिवे घालवा, नोट काळ्या कापडावर ठेवा, आणि मोबाइलची टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. उजेड नोटेवरून सरपटत गेला पाहिजे. आता नोट जागच्या जागी हळू फिरवा. सपाट वाटणाऱ्या कागदावर अचानक डोंगर-दऱ्या उभ्या राहतात. नुसता बाक असेल तर सावली मऊ, पसरट दिसते. घडी असेल तर सावलीला धार असते, आणि भिंगातून बघितलंत तर त्या धारेवर शाई तुटलेली दिसते. मग उलटी करून मागूनही बघा. पुढून लपलेली घडी मागून बोलते.

कोपरे विसरू नका. उजवा वरचा खास.

खडूस नागपुरी | रविवार, सकाळी ९.१५

दहा रुपयांसाठी दिवे घालवून टॉर्च! माझ्या खिशातली दहाची बघाल तर तुमची पट्टी शून्याच्या खाली न्यावी लागेल. भाजीवाल्याने मिरच्यांच्या पिशवीत घालून दिलीय, अर्धी ओली.

नाशिकरोडचा | रविवार, दुपारी १२.३०

नोटांचा विषय म्हणजे आमच्या गावचा विषय, म्हणून लिहितो. १९२८ साली पाच रुपयांची नोट इथल्या प्रेसमध्ये छापायला लागले, त्याआधी नोटा विलायतेहून यायच्या. इथे घरटी एक माणूस प्रेसचा, त्यामुळे गप्पाही त्याच.

वर तिरपा उजेडांनी घडीला शिक्षा सांगितली. पण एक घडी अशी आहे की जिच्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात. कागद यंत्रात शिरताना कुठे दुमडला, तसाच छापला गेला, आणि नोट बाहेर आल्यावर कुणी ताणली की आतून पांढरी पट्टी उघडते. शाई तिथे पोचलेलीच नसते. ही छपाईतली चूक, एरर नोट. घडी तीच, फक्त शाईच्या आधी पडली.

ओळखायचं सोपं आहे. घडी पूर्ण उघडा आणि चित्राच्या रेषा बघा. रेषा घडीवरून सलग जात असतील, मध्ये फक्त शाई झिजली असेल, तर घडी आपल्या खिशातली. रेषा तुटून, मधली पांढरी जागा सोडून पलीकडे सुरू होत असेल तर प्रेसची. कापताना दुमडलेला कोपरा नोटेच्या बाहेर जास्तीचा कागद म्हणून लटकतो, तोही तसाच.

आता यात लबाडी शिरलीच. एका बाजूचा नंबर रसायनाने पुसून "बिननंबरी एरर" म्हणून विकतात. नंबर दाबून छापलेले असतात, मागच्या बाजूला त्यांचा उठाव येतो. शाई पुसली तरी उठाव राहतो, आणि पुसलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहतात. वरचाच तिरपा उजेड इथेही कामाला येतो.

वैदेही ठाणे | रविवार, दुपारी ३.०५

मी एक गुन्हा कबूल करू का?

बाबांकडची सहाव्या जॉर्जची एक रुपयाची नोट होती, मळकट, चार घड्यांची. मला वाटलं, साडीसारखी चापून देऊ. ओलसर सुती रुमाल वर, खाली वर्तमानपत्र, आणि इस्त्री. पाच मिनिटांत नोट अशी सपाट झाली की मीच माझी पाठ थोपटली. ती दाखवायला घेऊन गेले. त्या काकांनी डोळे मिटून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इस्त्री केलीत?" डोळे मिटून! त्यात वर्तमानपत्राची शाई मागे उमटली होती, ते मी बघितलंच नव्हतं.

तिरपा उजेड | रविवार, दुपारी ४.२०

वैदेहीताई, अंगठ्याला कळतंच. छापताना कागदाला जो उठाव येतो तो इस्त्रीने बसतो. कोऱ्या नोटेला अंग असतं, इस्त्रीच्या नोटेला ते राहत नाही. घड्या तरी कुठे गेल्या? टॉर्च धरा, चारही तिथेच असतील. चार घड्यांची नोट प्रामाणिकपणे व्हीएफ ठरली असती. आता शेऱ्यात "दाबलेली" येणार. आणि पीएमजी ज्या नोटांचा कागद मूळचा, काहीही न केलेला आहे त्यांना ईपीक्यू असं वेगळं चिन्ह देते. ६५ आणि त्यावरचा गुण त्या चिन्हाशिवाय मिळतच नाही. घड्या नसलेली नोट दाबली तरी ती त्या दारातून आत जात नाही.

धुतलेली नोट तर याहून सहज सापडते. नोटेचा कागद सुती, त्यात चमक आणणारी द्रव्यं नसतात, त्यामुळे अतिनील दिव्याखाली तो मंद, जवळजवळ काळा दिसतो. कपड्यांच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात. त्या पावडरीत बुचकळलेली नोट दिव्याखाली नवरात्रातल्या पांढऱ्या सदऱ्यासारखी निळी पेटते. मी एकदा प्रदर्शनात खिशातला छोटा दिवा काढला, तर समोरच्याने नोटच अल्बममध्ये परत घातली. बोलणं काहीच झालं नाही आमचं.

दोह्याचा पाटील | रविवार, रात्री ८.४५

मी पेटीवाला, म्हणजे पीएमजीसारख्यांकडे नोट पाठवून गुण लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये परत घेणारा. लोक म्हणतात पैशाचा चुराडा. काही अंशी खरं आहे. फी, विमा, टपाल धरलं तर हजार-दोन हजारांच्या नोटेसाठी हा खेळ परवडत नाही.

पण मला माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर एवढा विश्वास होता की एक नोट ४५ येणार म्हणून पाठवली. परत आली तेव्हा शेऱ्यात लिहिलं होतं, कडा कातरलेल्या. मी ती घेतली तेव्हा कडा कशा धारदार म्हणून खूश झालो होतो! कुणीतरी झिजलेल्या, फाटक्या कडा अर्धा-एक मिलिमीटर कापून सरळ केल्या होत्या. तेव्हापासून मी मोजपट्टी घेऊन फिरतो. एक रुपयाची नोट ९७ × ६३ मिमी. १९९६च्या गांधी मालिकेतली दहाची १३७ × ६३. जुन्या मालिकांचं माप त्याच मालिकेच्या दुसऱ्या नोटेशी ताडून बघायचं. आणि चारही समास बघायचे: एकच समास बाकीच्यांपेक्षा अरुंद आणि कड नव्या पत्त्यासारखी, तर संशय घ्यायचा. नुसतं छापतानाच चित्र एका बाजूला सरकलेलं असेल तर ते वेगळं, त्याने नोट यूएनसीतच राहते, ६५ऐवजी ६३-६४ होते इतकंच.

सावनीताई, आधी टॉर्च. पेटीचं नंतर बघू.

टपालकीडा | सोमवार, सकाळी १०.२०

सगळे घडी आणि भोकावर तुटून पडलेत, तर मी सरळ दोन तुकडे झालेल्या नोटेचं सांगतो.

एकोणिसाव्या शतकात मोठी रक्कम टपालाने पाठवायची तर नोट मधोमध कापायचे. अर्धी आज, आणि ती पोचल्याची चिठ्ठी आली की उरलेली अर्धी. वाटेत दरोडा पडला तरी चोराच्या हाती अर्धीच. पोचल्यावर मागून कागदाची पट्टी डकवून जोडायची. अशा जोडलेल्या सरकारी नोटा आज मिळतात, आणि त्या जोडाकडे बघून कुणी नाक मुरडत नाही. तोच जोड परवाच्या सेलोटेपचा असता तर? गुणच विसरा. टेपचा गोंद पिवळा होतो, कागदातून आरपार जातो, आणि ओढून काढायला गेलात तर शाई टेपबरोबर येते. लावलेली असेल तर राहू द्या, निदान घरी काढू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. एसएस शिराला ही बोट लंडनहून मुंबईकडे निघाली होती. २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने ती बुडवली. मालात मुरंब्यापासून दारूगोळ्यापर्यंत सगळं, आणि त्यात छापून चाललेल्या नोटाही. पाच-दहाच्या नोटांवर अजून सह्या व्हायच्या होत्या. काही गठ्ठे किनाऱ्याला लागले. बहुतेक नोटा गोळा करून नष्ट केल्या, थोड्या लोकांच्या हाती राहिल्या. २५ मे १९१८ तारखेच्या त्यातल्या दोन दहाच्या नोटा मे २०२४ मध्ये लंडनला लिलावात आल्या, आणि कागद बघून विश्वास बसत नाही की हा समुद्रातून निघालाय. घट्ट गठ्ठ्याच्या मधोमध असल्या पाहिजेत. खारं पाणी पिऊनही मान ताठ, आणि आपल्या कपाटातल्या नोटा पावसाळ्यात मान टाकतात!

सावनी (चिपळूण) | सोमवार, दुपारी २.१०

बापरे, केवढी माहिती! पावसाळ्यावरून आठवलं. जाऊबाई म्हणतात लॅमिनेट करून फ्रेम कर. आई म्हणते साड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांजवळ ठेव. काय करू?

गोंयकार | सोमवार, दुपारी २.२५

लॅमिनेट नको नको नको.

तापवलेलं प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं. नोट संपली. डांबरगोळ्यांची वाफ कागदाला आणि प्लॅस्टिकला, दोघांनाही नको. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, उग्र वासाचे प्लॅस्टिकचे खिसेही नको, ते पीव्हीसीचे. त्यातून काही वर्षांनी चिकट ओल सुटते आणि नोट हिरवट, तेलकट होते. मायलार म्हणजे पॉलिएस्टरचे कडक, बिनवासाचे खिसे मिळतात, ते घ्या.

माझ्याकडे गोव्याच्या पोर्तुगीज काळातल्या, बांको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या १९५९च्या एस्कुदोच्या काही नोटा आहेत. घर समुद्रापासून दोन फर्लांगावर. आजोबांनी त्या जुन्या पुस्तकात ठेवल्या होत्या. पुस्तकाच्या कागदातलं आम्ल नोटेत उतरून कडेने चहाच्या डागासारखी पट्टी आलीय, आणि दमटपणाने तांबूस ठिपके. एकही घडी नाही, आणि तरी त्यांना कोरी म्हणवत नाही. कोकणात तुम्हाला हाच त्रास. कपाट भिंतीला टेकलेलं नको, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि दर श्रावणात एकदा बाहेर काढून नुसत्या बघा. कसर लागली तर आठवडाभरात कोपरा जातो.

खडूस नागपुरी | सोमवार, रात्री ९.००

माझी मिरचीवाली नोट वाळली. वाळताना दोन तुकडे झाले. पीएमजीला पाठवू का?

निवृत्त रोखपाल | सोमवार, रात्री ९.३०

बँकेत जा. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण किंमत मिळते, नाहीतर काहीच नाही. पन्नास आणि वरच्यांना ८० टक्क्यांहून जास्त तुकडा असेल तर पूर्ण, ४० ते ८० ला निम्मी. तिथे फक्त क्षेत्रफळ मोजतात. घड्या, डाग, मिरची, काही विचारत नाहीत. मेहरबानी करून टेप लावून आणू नका, मोजणाऱ्याला त्रास होतो.

सावनी (चिपळूण) | मंगळवार, रात्री १०.५०

अहवाल देते.

दिवे घालवले, जेवणाच्या टेबलावर काळी शाल, नवऱ्याने टॉर्च धरली, लेकाने भिंग. मधली घडी नाही. आडवी नाही. दोनदा फिरवली, मागूनही बघितलं. नंबराचा उठाव मागे बोटाला लागतो. भोकं दोनच, अंतर घरातल्या मोठ्या स्टेपलच्या पायांइतकं. खालच्या भोकाच्या कडेला तांबूस टिंब आहे, मोहरीच्या पाव भागाएवढं. वरच्याला नाही. आणि तिरपा उजेड, तुम्ही म्हणालात तसं उजव्या वरच्या कोपऱ्यात एक तिरकी सावली दिसली. मऊ नाही, बारीक धार आहे. दिवसा अजिबात दिसली नव्हती. तुम्हाला आधीच कसं कळलं?

निवृत्त रोखपाल | मंगळवार, रात्री ११.१०

त्यांच्याऐवजी मी सांगतो. ओल्या स्पंजवर अंगठा टेकवायचा आणि पाकिटाचा उजवा वरचा कोपरा सरसर मागे ओढत मोजायचं. शंभरातल्या प्रत्येक नोटेला तो अंगठा लागतो. कॅशला बसणाऱ्याच्या हातातून गेलेली कोरी नोट अशीच असते.

तिरपा उजेड | मंगळवार, रात्री ११.३०

बरोबर. आता एकच सांगा, ती धार छपाईत शिरलीय की पांढऱ्या समासातच थांबलीय?

सावनी (चिपळूण) | मंगळवार, रात्री ११.४५

परत दिवे घालवावे लागले. समासातच आहे. नक्षी सुरू व्हायच्या केसभर आधी संपते.

तिरपा उजेड | बुधवार, सकाळी ७.३०

मग मोडली नाही, कोरीच आहे. गंजाचं टिंब आणि हा कोपरा धरून मी ६२ म्हणेन, कुणी उदार असला तर ६३. दुसऱ्या टेबलवाल्याचं खरं. विकणार असाल तर त्याच्याकडेच जा, आणि "व्हीएफ" शब्द तोंडातून काढू नका.

सावनी (चिपळूण) | बुधवार, सकाळी ११.२०

विकायचं नाही असं नवरा काल म्हणाला. रोखपालकाकांचं अंगठ्याचं वाचून दाखवलं त्यानंतर.

पण आता अडचण वेगळीच. त्याच डायरीच्या मागच्या कव्हरात आणखी एक पुडी आहे, जाड, आणि तिच्यातून स्टेपलचं टोक बाहेर आलंय. अख्खं पाकीट आहे की काय कोण जाणे. उघडू कशी?

निवृत्त रोखपाल | बुधवार, सकाळी ११.२४

थांबा! तार ओढू नका. हात धुऊन कोरडे करा, पुडी टेबलावर सपाट ठेवा, आणि आधी मागून तारेचे दोन्ही पाय चिमट्याने सरळ उभे करा. मग पुढून बोथट सुरी तारेखाली, नोटेखाली नाही. फोटो टाका मधे मधे. मी इथेच आहे.